किलोवर घेतलेली पुस्तकं, नोहाची नाव आणि नऊ वर्षांनी सुटलेला वाचनाचा उपास

केळीवाला

राम राम मंडळी. बऱ्याच वर्षांनी इथे लिहून राहिलो, आयडी अजून जिवंत आहे हेच नवल.

तर झालं असं की माझं वाचन पार बंद पडलं होतं. कॉलेजात असताना जळगावला रूमवर रात्र रात्र वाचायचो, मेसचे पैसे वाचवून पुस्तकं घ्यायचो, मग लग्न, शेती, केळीची कटाई, भावाची भानगड, आणि हातात हा मोबाईल. नऊ वर्षांत एक पुस्तक पूर्ण झालं नाही. सुरू केली खूप. सगळ्यांची खूणपट्टी पान ३० च्या आसपास अडकलेली.

मागच्या महिन्यात जळगावला किलोवर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. पोरगी दहावीला आहे, सायन्सची आवड आहे, म्हटलं तिला काही घेऊ. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर डायनासोर, आत रंगीत चित्रं, ज्वालामुखी, दगडांचे थर, सगळं एकदम झकास. त्याच ढिगातली तशीच अजून तीन उचलली. चारही मिळून साडेतीन किलो भरली. घरी येऊन पोरीने पहिलं उघडलं आणि दहा मिनिटांत विचारते, पप्पा, डायनासोर नावेत बसले होते का?

म्हटलं कोणत्या नावेत?

नोहाच्या नावेत भो! (बायबलातली, जलप्रलयातून जनावरं वाचवणारी.) पुस्तक म्हणतं पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची, सगळे दगडांचे थर एकाच जलप्रलयात एका वर्षात साचले, आणि डायनासोरची पिल्लं जोडीजोडीने नावेत चढली (पिल्लं का, तर मोठे मावणार नाहीत म्हणून, म्हणजे विचार केलाय लोकांनी). मला वाटलं गोष्टीचं पुस्तक असेल, पण नाही, आलेख आहेत, तक्ते आहेत, लेखक पीएचडी आहेत. याला म्हणे क्रिएशन सायन्स म्हणतात, आपण सृष्टिनिर्मिती-विज्ञान म्हणू.

पुस्तक बाजूला ठेवणार होतो पण डोकं इतकं फिरलं की पुढचं पान वाचलं, मग अजून एक. पोरीची पेन्सिल घेऊन समासात लिहायला लागलो, 'कशावरून?', 'हे कोणी मोजलं?', 'खोटं'. चार दिवसांत ४०० पानं संपली. नऊ वर्षांत पूर्ण झालेलं पहिलं पुस्तक हे, आणि त्यातलं मला एक अक्षर पटलेलं नाही!

मग नेटवर शोधायला गेलो तर अजून मजा. रे कम्फर्ट नावाचे एक प्रचारक आहेत, मूळचे न्यूझीलंडचे, त्यांचा एक जुना व्हिडिओ आहे. हातात केळं घेऊन सांगतात की बघा, केळं बरोबर मुठीत बसतं, हिरवं म्हणजे थांबा, पिवळं म्हणजे खा, काळं म्हणजे उशीर झाला, वरून सोलायला शेंडी दिलेली, तोंडाकडे वळलेलं, म्हणजे हे देवानेच माणसासाठी बनवलं. नास्तिकांना घाम फोडणारा पुरावा म्हणून केळं!! अरे बाबा, तू रावेरला ये. मी तुला दाखवतो ते केळं कोणी बनवलं. आमच्या जी-नाईन जातीच्या केळीला बीच नाही, गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ते नपुंसक झाड आहे, कंद नाहीतर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावल्याशिवाय त्याची पुढची पिढी नाही. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून बिनबियांचं केलं म्हणून ते मुठीत बसतं. मूळ जंगली केळं बघा, आत बियाच बिया, गर नावाला. एवढा हसलो की बायको म्हणाली काय झालं.

तर प्रश्न दोन. एक, असं कोणाचं झालंय का, की न पटणाऱ्या पुस्तकाने वाचनाची गाडी परत सुरू झाली? दोन, या विषयात अजून काय वाचू, दोन्ही बाजूंचं? उरलेली तीन पुस्तकं आहेतच.

खापरावरची_पोळी

नावेत केळीचे घड होते का? ते हत्ती वर्षभर काय खात होते मग 😄

(हलके घ्या. धागा आवडला, वाचनखूण ठेवली.)

भरीतप्रेमी

साडेतीन किलो कितीला पडली ते सांगा आधी. बाकी चर्चा नंतर.

निवृत्त_मास्तर

केळीवाले भाऊ, तुमच्या हातात काय पडलंय त्याची कुळकथा सांगतो. ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हा वाद डार्विनच्याही आधीचा आहे. विल्यम पेली नावाच्या धर्मोपदेशकाने १८०२ साली लिहिलं की माळावर घड्याळ सापडलं तर आपण म्हणतो कोणीतरी घड्याळजी आहे, मग डोळ्याइतकं बारीक काम बघून करणारा कोणी नाही असं कसं म्हणता? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही बरं. तरुणपणी डार्विनने पेली आवडीने वाचला होता. १८५९ मध्ये त्याने त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर दिलं, की लहान लहान फरक, त्यातून टिकणारे टिकतात, आणि वेळ भरपूर.

सहा हजार वर्षांचा आकडा येतो आयर्लंडच्या आर्चबिशप अशरकडून. त्याने १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळ्या बेरजा करून सृष्टीचा जन्म इ.स.पू. ४००४ असा काढला, तारखेसकट. त्या काळच्या मानाने ते विद्वत्तेचंच काम होतं. पुढे मात्र भूशास्त्रज्ञांनी, आणि त्यात पुष्कळ धार्मिक माणसं होती, दगड बघून डार्विनच्या आधीच हे सोडून दिलं.

मग हे परत कुठून आलं? अमेरिकेत १९२५ साली टेनेसीमधल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला, १०० डॉलर दंड. (शिक्षकाला दंड! आमच्या वेळी नुसता मेमो मिळायचा.) पण तुमच्या पुस्तकाचा खरा आजोबा १९६१ चा. त्या वर्षी व्हिटकॉम्ब आणि मॉरिस या दोघांचं 'द जेनेसिस फ्लड' आलं. व्हिटकॉम्ब धर्मशास्त्राचे, मॉरिस पाण्याच्या अभियांत्रिकीतले पीएचडी. सगळे थर एका जलप्रलयात साचले ही मांडणी तिथून घरोघरी गेली. तुमच्या पुस्तकातले पीएचडी कोणत्या विषयातले आहेत ते जरा बघा बरं.

नंतर मागणी आली की शाळेत दोन्ही 'विज्ञानं' शिकवा. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे धर्मशिक्षण आहे, सरकारी शाळेत चालणार नाही. मग नाव बदललं, 'इंटेलिजंट डिझाइन'. देवाचं नाव घ्यायचं नाही, फक्त म्हणायचं कोणीतरी बुद्धिमान रचनाकार आहे. त्यांचं एक शालेय पुस्तक होतं, पांडांच्या नावाचं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात त्याचे जुने कच्चे खर्डे कोर्टात आले, आणि दिसलं की १९८७ च्या निकालानंतर 'क्रिएशनिस्ट्स' शब्द काढून तिथे 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकलाय. एके ठिकाणी बदलताना गडबड झाली आणि छापून राहिलं 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स'. अर्धा जुना, अर्धा नवा शब्द! मधल्या अवस्थेचं जीवाश्म दाखवा म्हणतात ना, ते यांच्याच खर्ड्यात सापडलं. निकाल विरुद्ध गेला.

आता वाचायचं तर 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' वाचा, मायकेल बीही, १९९६. माणूस खरा जीवरसायनशास्त्रज्ञ आहे आणि पृथ्वी जुनी आहे हे तो मानतो. उंदराच्या पिंजऱ्याचं उदाहरण देतो, की त्याचा एक भाग काढला तर पिंजरा निकामी होतो, मग टप्प्याटप्प्याने तयार कसा होईल? त्यावर उत्तरं आलेली आहेत, पण उत्तर लगेच बघू नका. आधी आठ दिवस स्वतः डोकं खाजवा.

अमळनेरी_बाबू

पण सर डार्विनने मरताना सगळं मागे घेतलं होतं ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

निवृत्त_मास्तर

नाही हो बाबू. डार्विन गेला १८८२ ला. लेडी होप म्हणून एका बाईंची ती गोष्ट अमेरिकेत छापून आली १९१५ ला. डार्विनच्या मुलीने, जी शेवटच्या दिवसांत घरात होती, स्पष्ट सांगितलं की या बाई तिथे नव्हत्याच. आणि समजा मागे घेतलं असतं तरी काय? पायथागोरसने शपथेवर नाही म्हटलं तरी काटकोन त्रिकोण तसाच राहणार.

आणि आजच्या माकडांपासून माणूस झाला असं डार्विन म्हणाला नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रतिसाद तोच येणार आहे. माकडं आणि आपण चुलत चुलत भावंडं, पूर्वज एक.

नवापूरकर

मी गेली सहा वर्षं नुसता वाचतो इथे, आज पहिल्यांदा लिहितो. आमचं घर ख्रिस्ती आहे. वर नावेच्या गमतीजमती चालल्यात, त्याचं वाईट नाही वाटलं, आमच्या घरातही होतात. पण एक सांगायचं होतं की सहा हजार वर्षं हा सगळ्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास नाहीये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये सांगितलं होतं की उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. ज्या मेंडेलचे वाटाणे दहावीला शिकतो तो मठातला साधू. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याची एका बिंदूतून सुरुवात झाली ही कल्पना मांडणारा लमेत्र कॅथलिक पाद्री होता. मानवी जनुकांच्या प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स प्रार्थना करणारा माणूस आणि उत्क्रांती मानणारा पण.

माझे वडील रविवारी उपदेश करायचे. लहानपणी मी विचारलं होतं, पहिल्या दिवशी उजेड झाला आणि सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिले तीन दिवस मोजले कसे? मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, जो हे लिहीत होता त्यालाही हे दिसत होतं, त्याला वेडा समजू नको, तो घड्याळ लावून लिहीत नव्हता. एवढंच बोलले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. मला अजून तेच पुरतं.

पण माझा एक मावसभाऊ केळीवाले भाऊंकडे आहेत तसलीच पुस्तकं वाचतो आणि माझ्याशी नीट बोलत नाही आता. म्हणून म्हणतो, या पुस्तकांना नुसतं हसून सोडू नका, ती घराघरात भांडणं लावतात.

केळीवाला

नवापूरकर दादा, लिहिते झालात बरं वाटलं. तुमच्या वडिलांचं वाक्य पोरीला वाचून दाखवलं.

कालचक्र

पाश्चात्यांचं पाश्चात्य बघून घेतील. आपल्याकडे हा घोळच नाही. आपल्या ऋषींनी एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं सांगितलेत, आणि सायन्स आता म्हणतं पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. हे कसं कळलं त्यांना? दशावतार बघा, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे पाण्यातून जमिनीवर, मग अर्धा पशू, मग माणूस. हाल्डेनसारख्या मोठ्या ब्रिटिश शास्त्रज्ञानेही हे साम्य दाखवलंय. अभिमान वाटायला पाहिजे, ते सोडून लोक डार्विनचे गोडवे गातात.

पाटणादेवी_वारी

कालचक्र साहेब, अभिमान मलाही आहे, आकडे जरा पूर्ण मांडू या का?

४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. तो दिवस अजून संपलेला नाही. पूजेत गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा काय म्हणतात, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे. म्हणजे सातवं मन्वंतर, अठ्ठाविसावं युग. बेरीज करा, कल्प सुरू होऊन साधारण १९७ कोटी वर्षं झालीत. मग पृथ्वीच्या वयाशी जुळवायचंच तर १९७ जुळवा, आणि ते ४५४ च्या निम्मंही नाही. पूर्ण दिवसाची लांबी घेऊन आजच्या वयाशी ताडून बघणं म्हणजे पोराचं वय विचारलं तर माणसाचं आयुष्य शंभर वर्षं असं उत्तर देण्यासारखं आहे. त्या लोकांनी एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करायची हिंमत केली याचं कौतुक मात्र मला मनापासून आहे, अशरचे सहा हजार त्यापुढे फारच चिमुकले.

आणि दशावताराचं म्हणाल तर कूर्मानंतर वराह, पण पक्षी कुठे? साप कुठे? साम्य छान आहे, कीर्तनात शोभतं. हाल्डेनने ते गमतीने-कौतुकाने दाखवलं, पुरावा म्हणून नाही.

आता आपल्या खानदेशातलंच सांगतो. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, त्याचा तो लेख. म्हणजे एक पुस्तक वाचण्यासाठी संस्था काढलेली, आठशे वर्षांपूर्वी, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी! आणि त्या आजोबांनी 'गोलाध्याय' या आपल्या ग्रंथात काय लिहिलंय? पृथ्वी शेषावर, कासवावर वगैरे टेकलीय म्हणता, मग त्याला आधार कोणाचा, त्या आधाराला कोणाचा, असं किती मागे जाणार? शेवटी कुठेतरी 'हे स्वतःच्या शक्तीने आहे' म्हणावं लागणार, तर मग ते पृथ्वीबद्दलच का नको म्हणू? पुराणं मानणाऱ्या समाजात बसून हे लिहिलंय त्यांनी. कल्पसुद्धा ते वापरतात, पण ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात याव्या म्हणून हिशेबाचं माप म्हणून. माझा अभिमान तिथला आहे.

खापरावरची_पोळी

दंडवत घ्या देवा. तीनदा पाटणादेवीला गेले, दर वेळी धवलतीर्थाकडे आणि डब्याकडेच लक्ष. शिलालेख बघायचा राहिला.

कालचक्र

१९७ चा मुद्दा तपासतो. आमच्या गुरुजींनाच विचारतो. बाकी सगळंच पाश्चात्यांकडून आलं असं कोणी म्हणू नये एवढंच.

कापूसकोंड्या

मी शाळा बारावी, त्यामुळे मोठमोठ्या गोष्टी माहीत नाही. पण उत्क्रांती मी शेतात बघितली आहे, आणि तिने माझे पैसे खाल्लेत, म्हणून बोलतो.

२००२ ला बीटी कापूस आला, म्हणजे झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं तो. सुरुवातीची वर्षं काय होती राव, बोंडअळीचं नाव नाही, फवारणी कमी, कापूस पांढराशुभ्र. मग दोन जनुकांचं बीटी आलं, तेही चांगलं चाललं. आणि मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीने असा मार दिला की वरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत अळी बसलेली, सरकी खाल्लेली, कवडी झालेली. पऱ्हाट्या उपटून फेकल्या लोकांनी, आत रोटाव्हेटर घातला.

कृषीवाल्या साहेबांनी तेव्हा समजावलं ते आत्ता या धाग्यामुळे परत आठवलं. लाखो अळ्यांत एखाद-दुसरीला जन्मतःच त्या विषाचं काही होत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. उरलेल्यांची लग्नं उरलेल्यांशीच लागतात. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं द्यायचे, बांधाने लावायला, की तिथे साध्या अळ्या जगाव्या आणि त्यांच्याशी यांची लग्नं लागून जोर मोडावा. आम्ही काय केलं? ती पुडी बांधावर फेकली. वर फरदड (जुन्याच झाडांवर पुन्हा कापूस) घेतली मार्चपर्यंत, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. गुलाबी अळीला कापूस सोडून दुसरं फारसं चालत नाही, तिला आम्हीच पोसली.

आता कोणी म्हणत असेल सगळं एकदाच बनवलं आणि तसंच आहे, तर त्याला माझ्या बांधावर आणा.

केळीवाला

कापूसकोंड्या भाऊ, एक नंबर! आता गंमत ऐका, माझ्या पुस्तकाचं त्यावर उत्तर आहे. ते म्हणतात अळीची अळीच राहिली ना, तिचा काही बोका झाला नाही. प्रत्येक 'जाती'ला देवाने एकदा बनवलं, तिच्या आत थोडाफार बदल होतो, ते आम्ही मानतो, पण एका जातीतून दुसरी होत नाही. आता ही 'जात' म्हणजे नेमकी कुठपर्यंत हे विचारलं तर पुस्तक गोल फिरतं. कुत्रा, लांडगा, कोल्हा एकाच जातीत टाकतात, मांजर-वाघ-सिंह एका जातीत, कारण नाहीतर नावेत जागा पुरत नाही. म्हणजे मांजरापासून वाघ चार हजार वर्षांत झाला हे चालतं, एवढी जोरात उत्क्रांती तर डार्विनसुद्धा मागत नाही, पण माणूस आणि चिंपांझी म्हटलं की नाही. इथे मी समासात तीन उद्गारचिन्हं मारलीत.

आणि दुसरं एक प्रकरण, ज्याने मला खरंच दोन दिवस झोपू दिलं नाही. अमेरिकेत सेंट हेलेन्स नावाचा ज्वालामुखी १९८० ला फुटला. नंतर त्याच्या तोंडात जो नवा घुमट तयार झाला त्याचा दगड यांच्या एका भूशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दिला. दगड जेमतेम दहा वर्षांचा, आणि पोटॅशियम-अर्गॉनच्या पद्धतीने वय आलं साडेतीन लाख वर्षं! पुस्तक म्हणतं, बघा, दहा वर्षांचा दगड ज्यांना मोजता येत नाही त्यांच्या कोट्यवधी वर्षांवर काय विश्वास ठेवता?

वाचून मी गप्पच झालो. म्हटलं आयला, हे तर खरं दिसतंय. मास्तरांचं ऐकल्यासारखं (तेव्हा ऐकलं नव्हतं तरी) लगेच उत्तर शोधलं नाही. मळ्यात पाणी धरता धरता विचार करत होतो. मग ती पद्धत कशी चालते ते शोधून वाचलं. पोटॅशियमचा एक प्रकार फार हळू मोडतो, निम्मा मोडायला १२५ कोटी वर्षं लागतात, आणि मोडून त्यातल्या काही भागाचा अर्गॉन वायू होतो. तो अर्गॉन मोजायचा. आता दहा वर्षांत किती अर्गॉन होणार? जवळजवळ शून्य. मग दगडात आधीच्या जुन्या स्फटिकांत अडकलेला जरासा जरी अर्गॉन असला तरी तोच मोजला जाणार.

आणि माझ्या डोक्यात एकदम आपला भुईकाटा आला. केळीचा ट्रक भरला की आपण भुईकाट्यावर नेतो, तिथे दहा-वीस किलो इकडे तिकडे कोणी बघत नाही. त्याच काट्यावर जळगावच्या सराफाने अंगठी ठेवली आणि वजन आलं शून्य, किंवा ड्रायव्हर उतरायचा राहिला म्हणून आलं सत्तर किलो, तर काटा खोटा आहे का? अंगठीला तो काटा नाहीच. आणि ट्रकला सोनाराचा तराजू नाही. कार्बनची पद्धत ५० हजार वर्षांच्या पलीकडे फारशी चालत नाही आणि एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूवरच चालते, हेही मला त्या नादात कळलं. शाळेत हे पाठ केलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं.

त्या चिडचिडीत पुस्तकाबाहेरचं मी किती वाचलं याचा हिशेब नाही. मोबाईल तोच, पण रील्स बघायची आठवण होत नाही.

सासुरवाशीण_भुसावळ

थोडं वेगळं बोलू का? रागावू नका. तुम्ही सगळे मस्त रंगलात, पण आपल्याकडे आधीच माणसं जे समोर येईल ते खरं मानतात. केळीवाले दादा बीएससी आहेत, त्यांना 'कशावरून' लिहिता येतं. माझ्या सासरी कोणी ते डायनासोरवालं पुस्तक उघडलं तर चित्रं बघून खरंच मानेल, इंग्रजीत आहे म्हणजे बरोबरच असणार. वाचन सुरू करायला चांगली पुस्तकं काय कमी आहेत? नासकं केळं खाऊन कोणी फळांची सवय लावतं का?

माझंही वाचन बंद होतं, मुलगा झाल्यावर. मी साधं केलं, रात्री भांडी झाली की ओट्याजवळच उभं राहून दहा पानं, दूध तापेपर्यंत. बसले की झोप येते म्हणून उभ्याने. वर्षाला सात-आठ होतात, चिडायची गरज पडत नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. म्हणून मीही सांगेन, ती चार पुस्तकं पोरीच्या कपाटात एकटी ठेवू नका भाऊ. तिचं दहावीचं विज्ञान भाग दोन उघडा, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे हे नशीब समजा, कारण २०२३ मध्ये केंद्राच्या एनसीईआरटीच्या दहावीतून उत्क्रांती काढली, नुसती 'आनुवंशिकता' उरली, १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. त्याआधी २०१८ मध्ये एक केंद्रीय राज्यमंत्री औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विन चूक, कारण आपल्या पूर्वजांनी माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढावं लागलं.

राहिलेल्या अर्ध्याबद्दल माझं मत वेगळं आहे. ३१ वर्षं मी बरोबर उत्तरं शिकवली, पोरांनी ती लिहिली आणि विसरली. एकदाच, पोरांना घाटात नेलं होतं सहलीला. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक लाल पट्टा दिसतो, हातभर जाडीचा. मी मुद्दाम खोटं सांगितलं, हे सगळं एका दिवसात झालं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. एक पोरगी, तिचे वडील विहिरी खोदायचे, ती म्हणाली, सर, मधली ती लाल माती आहे, दगडाची माती व्हायला वेळ लागला असेल ना, वरचा रस थांबला होता का तोपर्यंत? बरोबर! लाव्हा थंड झाला, पावसापाण्याने कुजून त्याची माती झाली, मग वर दुसरा लोट आला. आपला अख्खा दख्खन साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच थरावर थर झालाय, काही थरांमध्ये तर गोड्या पाण्यातल्या शंखांचे अवशेष सापडतात, म्हणजे मध्ये तळी साचून गोगलगाई संसार करून गेल्या. एका वर्षाच्या पुरात हे बसवून दाखवा. पण सांगायचं ते हे की त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर ती पोरगी बोललीच नसती.

सासुरवाशीण_भुसावळ

बाकीच्या सगळ्या पोरांनी खोटं लिहून घेतलं होतं ना सर पण 🙂

निवृत्त_मास्तर

घेतलं होतं. परतताना बसमध्ये खोडायला लावलं. तरी दोघांच्या वह्यांत वार्षिक परीक्षेपर्यंत तसंच होतं. हरलो.

भरीतप्रेमी

ताई १, मास्तर ०. पुस्तकांचा भाव अजून कोणी सांगितला नाही.

तोरणमाळकर

केळीवाले भाऊ, जंगली केळ्याचं बोललात म्हणून. आमच्याकडे सातपुड्यात कड्यांवर रानकेळ येते, पावसात पानं फुटतात, उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून नुसता गड्डा राहतो. फळ लहान, आत काळ्या टणक बिया, वाटाण्याएवढ्या. खायला काही नाही त्यात. पाठवू का एक घड? त्या व्हिडिओवाल्या बाबांना द्या म्हणावं सोलून.

निवृत्त_मास्तर

तोरणमाळकर, पाठवाच. फक्त एक दुरुस्ती, आधीच करून ठेवतो नाहीतर भाऊ पोरीला चुकीचं सांगतील. ती रानकेळ आपल्या केळीची आजी नव्हे, चुलत घराण्यातली, तिची प्रजातीच वेगळी. खायच्या केळ्याचे जंगली पूर्वज मुख्यतः आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचे. न्यू गिनीत दलदलीच्या शेतात सात हजार वर्षांपूर्वी केळी लावल्याच्या खुणा सापडल्यात. म्हणजे अशरच्या हिशेबाने सृष्टी व्हायच्या आधी हजारभर वर्षं लोक केळी लावत होते.

केळीवाला

हे शेवटचं वाक्य मी पेन्सिलने पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय.

ताईंचं पण पटलं, खोटं कशाला बोलू. काल ती चार पुस्तकं पोरीच्या कपाटातून काढून माझ्या उशाशी आणली. तिला सांगितलं, वाचायची तर दोघं मिळून, आणि पेन्सिल पाहिजे. ती म्हणाली, तुम्ही सगळीकडे 'खोटं' लिहून ठेवलंय, मी काय लिहू मग? आता दुसरं पुस्तक तिने आधी वाचायचं आणि मी नंतर, असं ठरलंय. तिने पहिल्या दहा पानांत दोनच ठिकाणी लिहिलंय. एका ठिकाणी 'आकडा कुठून आणला', आणि एका चित्राशेजारी 'हे मात्र भारी काढलंय'. खरंच भारी काढलंय.

भरीतप्रेमी, दीडशे रुपये किलो. साडेतीन किलोचे सव्वापाचशे, त्याने पाचशे घेतले. तोरणमाळकर दादा, घड पाठवाल तेव्हा रावेर गाडीत टाका, मी स्टँडवर माणूस पाठवतो, आणि बिया पेरून उगवतात का तेही कळवा, पोरीला कुंडीत लावायच्या आहेत.

तोरणमाळकर

उगवतात, पण वेळ लावतात. भिजत घाला आणि वाट बघा. घड पिकला की फोन करतो.